जर्नल परत आलं पाहिजे, तेही वेळेत : कॉलेजातल्या मूल्यमापनाबद्दल

भूगोलवाली

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजवर भूगोल शिकवते. १४ वर्षं झाली. ज्या गोष्टीमुळे हा धागा काढतेय ती आधी सांगते.

जुलैतला एस.वाय.चा प्रात्यक्षिकाचा तास. टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढ-उतार दाखवणारा नकाशा, समोर. प्रमाण १:५०,०००, दर २० मीटरला एक समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी. एका मुलीला छेद, म्हणजे ती जमीन बाजूने कापल्यावर दिसेल तो आकार, काढायला दिला होता. तिने फार सुबक काढला. पेन्सिलीला छान टोक, अक्षर मोत्यासारखं, खाली प्रमाण, वर शीर्षक. पण नकाशात जिथे ओढ्याची घळ आहे तिथे तिने सोंड (डोंगराची पुढे आलेली धार) दाखवली होती आणि जिथे सोंड आहे तिथे घळ. ही मुलगी डोंगराच्या पायथ्याच्या गावातून येते. रोज सकाळी एक घळ ओलांडून एसटी पकडते. चढ-उतार तिच्या पायांना पाठ आहेत. मी विचारलं, अगं असं कसं झालं? तिने दप्तरातून मागच्या वर्षीचं जर्नल काढलं. म्हणाली, "मॅडम, एफ.वाय.ला असंच काढलं होतं. तेव्हा १७ दिले होते तुम्ही."

उघडून बघितलं. तीच चूक. खाली माझी सही, २० पैकी १७.

तारीख बघितली तर पोर्टलवर गुण भरायच्या शेवटच्या दिवसाच्या आदली होती. तो दिवस मला आठवतो, कारण रात्री मनगट दुखत होतं. शीर्षक आहे, सूची आहे, रेघा नीट आहेत, १७, पुढचं जर्नल. एक चूक वर्षभर तिच्या डोक्यात पक्की होत गेली आणि तिच्यावर सही माझी होती.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये लिहिलंय की एकाच मोठ्या परीक्षेवर सगळं तोलू नका, सातत्याने मूल्यमापन करा, गुण निकषांवर द्या. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. अंतर्गत गुणांचा वाटा वाढला, फील्ड प्रोजेक्ट आला, ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) आली. मला हे मनापासून पटतं. पण अंतर्गत गुण वाढले म्हणून मूल्यमापन विद्यार्थ्याचं होत नाही. पूर्वी एक मोठा पेपर होता, तो परत यायचा नाही. आता पाच लहान आहेत, तेही परत येत नाहीत.

म्हणून यंदा एक करून बघतेय. वर्गात ३४ मुलं आहेत. जर्नल तपासून परत देते, पण आकडा घालत नाही. एक चिठ्ठी चिकटवते. काय जमलंय ते एका ओळीत, कुठे अडलंय ते एका ओळीत. त्या मुलीला लिहिलं : "ओढ्याचं पाणी कुठून कुठे जातं ते आधी बाणाने दाखव, मग छेद काढ." बास. रेषेचं टोक ज्या बाजूला वळलंय तिकडे उंची वाढत असेल तर घळ, कमी होत असेल तर सोंड, हे मी वर्गात दहादा सांगितलं असेल. पण पाण्याचा बाण काढल्यावर तिचं तिलाच कळलं. आठवड्याने पान परत घेते. आकडा त्यानंतर, आणि पोर्टल बंद व्हायच्या आत.

पहिल्या दिवशी सगळा वर्ग एका सुरात, "मॅडम, मार्क किती?" दोघांनी पान पुन्हा दिलंच नाही. माझे दोन रविवार गेले. तरी मला वाटतं ह्यात काहीतरी आहे.

इथे शिकवणारे आहेत, शिकणारे आहेत, परीक्षा विभागात काम केलेलेही आहेत. तुमच्याकडे विद्यार्थ्याचं काम त्याच्या हातात परत जातं का? कधी जातं? आणि गेल्यावर त्याला काही करता येतं का?


टीवायची मुलगी

ताई, मी बी.कॉम.ला आहे. आमच्याकडे ६०-४०, म्हणजे ६० लेखी पेपरचे, ४० अंतर्गत. चाळीसातले काही असाइनमेंटचे, काही प्रेझेंटेशनचे, थोडे हजेरीचे.

गेल्या सेमला मी एक असाइनमेंट खरंच मन लावून लिहिली. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराची उधारीची वही घेऊन बसले होते. कोण महिन्याला फेडतं, कोण दिवाळीला, दुकानदार माल कुठून आणि किती दिवसांच्या मुदतीवर उचलतो, सगळं. अकरा पानं झाली. स्पायरल बाइंडिंग करताना मधली दोन पानं उलटी बसली आणि माझ्या लक्षात आलं नाही. जमा केल्यावर आलं. सरांकडे जाणार होते, पण तोवर गुण लागले. १५ पैकी १३. माझ्या मैत्रिणीने नेटवरून उतरवून काढलं होतं, तिलाही १३. फाइल परत मागायला गेले तेव्हा ती दोन पानं तशीच उलटी होती. कुणी वाचली असती तर फाइल फिरवावी लागली असती ना.

मला दोन मार्क जास्त नको होते. त्या दुकानदाराचा हिशोब मी बरोबर मांडला की नाही, एवढं कुणीतरी सांगायला हवं होतं.


निवृत्त मास्तर

ताई, धागा काढलात हे फार चांगले केलेत. मी ३१ वर्षे इतिहास शिकवला आणि त्यातले २५ उन्हाळे कॅपला बसलो. तरुण वाचकांसाठी सांगतो, कॅप म्हणजे उत्तरपत्रिका तपासण्याचे मध्यवर्ती केंद्र. सकाळी गठ्ठा मिळायचा. क्रमांक झाकलेला. कोणाचा पेपर, कोणत्या गावचा, काही कळायचे नाही, कळूही नये. प्रश्न १ अ, ४. ब, ३. बेरीज पहिल्या पानावर. २५ वर्षांत मी एकाही उत्तरपत्रिकेवर एक वाक्य लिहिले नाही. लिहून करायचे काय? ते वाचणारा कोणी नव्हता. गठ्ठा बांधून परत जायचा आणि मुदत संपली की रद्दीत.

ह्याचे मूळ जुने आहे. १८५७ मध्ये मुंबई, कोलकाता आणि मद्रास ही विद्यापीठे निघाली ती त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. विद्यापीठाचे काम परीक्षा घेणे आणि पदवी देणे. शिकवणार संलग्न महाविद्यालये. जो शिकवतो तो तपासत नाही आणि जो तपासतो त्याने विद्यार्थ्याला पाहिलेले नाही, ही घडी तेव्हा बसली. शिक्षक आणि परीक्षक ह्यांच्यातली भिंत मुद्दाम उभी केलेली होती आणि तिला कारणही होते. पण तिच्यामुळे उत्तरपत्रिकेचा प्रवास एकाच दिशेने होऊ लागला.

स्वातंत्र्यानंतर पहिला विद्यापीठ आयोग १९४८-४९ चा, अध्यक्ष डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन. त्या अहवालात स्वच्छ म्हटले आहे की विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची सुचवू. त्याला आता पाऊण शतक होऊन गेले.

एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांदेखत बदलली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली परीक्षार्थीला पाहता येईल. पुनर्मूल्यांकनाचा हक्क त्यातून मिळाला नाही, पण पाहण्याचा मिळाला. त्या निर्णयानंतरच्या हंगामात आमच्या दालनातले लाल पेन जरा सावकाश चालू लागले, हे मी स्वतः पाहिले. आपले काम विद्यार्थी वाचणार आहे एवढे कळले तरी हात बदलतो.


टीवायची मुलगी

सर, मी फोटोकॉपी काढली होती एकदा, फी भरून. आत फक्त बरोबरच्या खुणा आणि आकडे. एका उत्तराला १० पैकी ४. त्या पानावर एकही खूण नाही, शेवटी फक्त ४. मी अजून सांगू शकत नाही की ते सहा कशाचे गेले. आणि फोटोकॉपी हातात आली तेव्हा पुढचं सेम अर्धं संपलं होतं.


तासिकेवरचा

भूगोलवाल्या ताई, तुमचं पटतं, पण माझी बाजू मांडतो. राग नाही.

मी तासिका तत्त्वावर आहे. दोन इंजिनिअरिंग कॉलेजं, मध्ये २६ किलोमीटर. तीन वर्ग, प्रत्येकी सत्तरच्या आसपास. मानधन तासाचं मिळतं. तपासण्याचं मिळत नाही, चिठ्ठी लिहिण्याचं तर नाहीच. २१० मुलांना दोन-दोन ओळी लिहायच्या म्हटल्या, एकाला पाच मिनिटं धरली, तरी साडेसतरा तास होतात. एका असाइनमेंटचे. सेमला पाच असतात.

वर एनबीएची, म्हणजे इंजिनिअरिंगला मानांकन देणाऱ्या मंडळाची, फाइल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा (इंजिनिअरिंगच्या पदव्या देशोदेशी मान्य व्हाव्यात म्हणून केलेला करार) कायम सदस्य झाला आणि आता इंजिनिअरिंगच्या मानांकनात विद्यार्थी काय शिकला हे दाखवायला लागतं. कल्पना खूप चांगली आहे. प्रत्येक विषयाची साध्यं ठरवायची, प्रत्येक प्रश्न कुठल्या साध्याशी जोडलाय ते लिहायचं, मुलांच्या गुणांवरून ते साध्य किती टक्के गाठलं ते काढायचं. पण हे सगळं एक्सेलमध्ये होतं, सेमिस्टर संपल्यावर. गेल्या वर्षी माझ्या शीटमध्ये तिसरं साध्य कमी पडलं. कारण मला माहीत होतं. मुलांना बीममधला, म्हणजे तुळईतला, शिअर फोर्स (कापणारं बल) कळला होता, बेंडिंग मोमेंटची (वाकवणाऱ्या परिणामाची) अधिक-वजा चिन्हं कळली नव्हती. ते मी शीटमध्ये लिहिलं, पुढच्या वर्षी दोन तास जादा घेऊ असंही लिहिलं. ज्यांना कळलं नव्हतं ती मुलं तोवर पुढच्या वर्गात गेली. त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही. तपासणीला आलेल्या समितीने फाइल व्यवस्थित आहे म्हणून शाबासकी दिली आणि मला त्या दिवशी झोप लागली नाही.

माझ्यासारख्याने काय करावं, हे खरंच विचारतोय.


अध्यापकांचा अध्यापक

तासिकेवरच्या सरांचा साडेसतरा तासांचा हिशोब बरोबर आहे. त्याला बाजूला सारून केलेली कुठलीही योजना टिकणार नाही. बी.एड.च्या मुलांना शिकवतो म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली, ताईंनी आकडा मागे ठेवला त्याबद्दल. रूथ बटलर यांनी इस्रायलमध्ये शाळकरी मुलांवर एक अभ्यास केला होता, १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं. ज्यांना दोन्ही दिलं त्यांना शेऱ्याचा फायदा जवळजवळ झालाच नाही, ती मुलं फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. अभ्यास शाळेतल्या मुलांचा आहे, कॉलेजला जसाच्या तसा लावू नये. पण मोठ्या मुलांतही हेच बघतो. आकडा दिसला की नजर तिथे थांबते आणि शेजाऱ्याच्या आकड्याकडे जाते. दोन्ही लिहिणारा शिक्षक रात्र जागवतो आणि ते लिहिलेलं वाया जातं.

दुसरी, सगळ्यांचं सगळं तपासू नका. ७० वह्यांतल्या १० वाचल्या तरी वर्गाच्या चार मुख्य चुका सापडतात. त्या चार चुका फळ्यावर मांडा, आणि प्रत्येकाने आपल्या वहीत कुठली आहे ते स्वतः शोधून खूण करायची. हे काम त्यांचंच आहे. शिक्षकाने प्रत्येक वेळी चूक दाखवून दिली तर चूक शोधायला ती कधी शिकणार?


नंबरच बरा

मी वेगळं बोलणार आहे, शांतपणे वाचा.

निवृत्त सरांनी ज्या भिंतीबद्दल लिहिलं, त्या भिंतीनेच मला वाचवलं. एम.ए.ला आम्ही दोघं एकाच वस्तीतले होतो. अंतर्गत २० पैकी मला ८, त्याला ९. बाकी वर्गाला १५ ते १८. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "प्रेझेंटेशनमध्ये प्रभाव पडला नाही." प्रभाव म्हणजे काय हे कुणी सांगितलं नाही. विद्यापीठाच्या पेपरात, जिथे क्रमांक झाकलेला होता, तिथे मी वर्गात दुसरा आलो. क्रमांकाला आडनाव नसतं. माझे वडील हमाली करायचे. निकालाच्या दिवशी गुणपत्रिकेवरच्या त्या दोन आकड्यांवर त्यांनी बोट ठेवलं आणि विचारलं, हा एवढा आणि हा एवढाच का? मला उत्तर देता आलं नाही.

त्यामुळे अंतर्गत मूल्यमापन वाढलं की आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा येतो. विद्यार्थी केंद्रस्थानी म्हणता, पण पेन शिक्षकाच्याच हातात असतं ना. ते पेन कोण बघणार?


भूगोलवाली

दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. उत्तर द्यायला दोन दिवस घेतले, कारण घाईने काही लिहायचं नव्हतं.

तुम्ही म्हणता ते माझ्या कॉलेजात होत नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या हातून होत नाही असंही छातीठोक सांगता येत नाही, कारण मुलांना मी नावानिशी ओळखते. काय करतेय ते सांगते, कमी पडत असेल तर सांगा.

निकष मी ठरवत नाही. पहिल्या तासाला दोन जुनी जर्नलं नावं झाकून टेबलावर ठेवली आणि विचारलं, ह्यातलं चांगलं कुठलं आणि का? अर्धा तास भांडण झालं. एकीने सुबक जर्नलाची बाजू घेतली. एक मुलगा म्हणाला, सुबक आहे पण हे घेऊन डोंगरात गेलो तर चुकेन. शेवटी फळ्यावर त्यांच्याच शब्दांत आलं : "नकाशा न बघितलेल्या माणसाला नुसता छेद बघून कळलं पाहिजे की चढ कुठे लागतो." गुणांचा मोठा वाटा आता त्याचा आहे. अक्षर आणि शीर्षकाला थोडे. हा कागद वर्गात भिंतीवर लावलाय. "प्रभाव" त्यात नाही.

आणि जर्नल मुलांच्याच ताब्यात राहतं. चिठ्ठी लेखी आहे, माझ्या अक्षरात, तारखेसह. कुणाला वाटलं अन्याय झाला, तर तो कागद घेऊन तो कुठेही जाऊ शकतो. शिवाय शेजारच्या कॉलेजातल्या मैत्रिणीला नावं झाकून आठ जर्नलं पाठवली, तिने गुण दिले, मग आम्ही जुळवून बघितले. दोन ठिकाणी फरक पडला. एका ठिकाणी मी चुकले होते.


नंबरच बरा

लेखी असेल आणि कागद मुलाकडे राहणार असेल, तर मान्य. तेव्हा माझ्या हातात एक ओळ जरी असती तरी मी विभागप्रमुखांकडे गेलो असतो. हातात काहीच नव्हतं.


तापीकाठ

मी खान्देशात रसायनशास्त्र शिकवतो. वरच्या दादांना दुखवायचं नाही, पण "लेखीच हवं" ह्याला एक बाजू जोडायची आहे.

आमची बी.एस्सी. इंग्रजीत. मुलं अहिराणी, भिलोरी, पावरी बोलत मोठी झालेली. दहावी मराठीतून. जर्नलमध्ये सगळी कृती इंग्रजीत बिनचूक, कारण पाठ आहे. मागच्या वर्षी अनुमापन चालू होतं. ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, फ्लास्कमध्ये आम्ल, दोन थेंब फिनॉल्फथॅलीन, म्हणजे आम्ल संपलं की गुलाबी होणारा दर्शक. फिकट गुलाबी रंग आला, मुलाने वाचन घेतलं. जर्नलमध्ये "पिंक कलर अपिअर्स" असं लिहिलं. ते सगळेच लिहितात. तो मात्र फ्लास्क धरून उभाच राहिला. मी विचारलं, काय झालं? इंग्रजीत एक शब्द निघेना. म्हटलं, घरी बोलतोस तसं बोल. मग त्याने सांगितलं की रंग आला होता पण थोडा वेळ ठेवल्यावर विरायला लागला, म्हणजे बाहेरचं काहीतरी आत येतंय आणि ते आंबट असलं पाहिजे. हवेतला कार्बन डायऑक्साइड! पुस्तकातलं नाव त्याला आठवलं नव्हतं, पण कारण त्याने स्वतः शोधलं होतं. लेखी जर्नलवर त्याला आणि कॉपी करणाऱ्याला सारखेच गुण पडले असते.

यूजीसीने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना कळवलं होतं की अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्या. आमच्याकडे मुलं घाबरतात. इंग्रजीत नाही लिहिलं तर तपासणारा कमी देईल, अशी त्यांची समजूत आहे आणि ती अगदी निराधार आहे असं मला म्हणता येत नाही. म्हणून माझ्या हातात जेवढं आहे तेवढं करतो. तोंडी परीक्षा हव्या त्या भाषेत.

दादांच्या भीतीसाठी : तोंडी झाल्यावर मी एक ओळ लिहितो, काय विचारलं आणि त्याला काय सांगता आलं. ती त्याला वाचून दाखवतो. त्याला पटली तर दोघांची सही. एकदा एका मुलीने "सर, मी असं नव्हते म्हणाले" म्हणून ओळ बदलायला लावली. मी बदलली.


लांबचा पुणेकर

जर्मनीत मास्टर्स करतोय, मशीन डिझाइन. इथे एक प्रकार आहे, क्लाउझूर-आइनझिश्ट. म्हणजे तपासलेला पेपर बघायचा दिवस. निकालानंतर तारीख लागते, आपण जायचं, आपला पेपर आणि नमुना उत्तर समोर ठेवतात, सहायक बसलेला असतो, शंका विचारायची.

माझ्या पहिल्या सेमिस्टरचा एक पेपर ५.० आला. इथे १.० सगळ्यात चांगला, ४.० ला पास, ५.० नापास. पुण्यात कधी नापास झालो नव्हतो. आइनझिश्टला जायला लाज वाटत होती, रूममेटने ढकललं. बघतो तर पहिल्याच आकृतीत एका बलाची दिशा उलटी घेतली होती, त्यामुळे पुढची सगळी उत्तरं चुकलेली. पण पुढच्या पायऱ्यांना गुण दिले होते. ह्याला इथे फोल्गेफेलर म्हणतात, म्हणजे आधीच्या चुकीमुळे ओढली गेलेली चूक. एकाच चुकीची शिक्षा एकदाच. एका ठिकाणी गुण द्यायचे राहिले होते, ते मिळाले. तरीही नापासच राहिलो, पण बाहेर पडताना मला नक्की माहीत होतं की काय येत नाही. दुसऱ्या खेपेला २.३.

इथलं सगळं छान आहे असं म्हणत नाही. बहुतेक विषयांना शेवटी एकच पेपर, त्यावर पूर्ण ग्रेड, बऱ्याच ठिकाणी तीनच संधी आणि तिसरी गेली की कोर्सच बंद. माझ्या ओळखीचा एक जण तिसऱ्या खेपेच्या आधी आठवडाभर नीट जेवला नव्हता. युरोपात २०१५ मध्ये उच्च शिक्षणाच्या गुणवत्तेची जी मानकं नव्याने ठरली, त्यात विद्यार्थी-केंद्रित शिकणं, शिकवणं आणि मूल्यमापन असं वेगळं मानकच आहे. तरी प्रत्यक्षात प्राध्यापकागणिक फरक पडतो. पण पेपर बघायचा दिवस ठरलेला असतो आणि तो पुढच्या खेपेच्या आधी येतो, एवढं नक्की.


स्पर्शवाचक

मी पूर्ण अंध आहे, बी.ए. केलं, लेखनिक घेऊन. तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळते, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. तो नियम चांगला आहे. पण मूल्यमापन म्हणजे फक्त वेळ वाढवणं नाही. भूगोल मला फार आवडायचा आणि नकाशाचा प्रश्न आला की त्याऐवजी टीप लिहायला द्यायचे. मला नकाशा कळतो की नाही हे कुणी कधी तपासलंच नाही.

भूगोलवाल्या ताई, तुमच्या वर्गात आमच्यातला कुणी आला तर काय कराल?


भूगोलवाली

अजून आलेला नाही, आणि मी तयार नाही, हे खरं सांगते. पण तुमचा प्रतिसाद वाचून काल पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने सुतळी चिकटवली. जिथे सुतळी दाट तिथे चढ उभा. ओढ्यासाठी लोकरीचा धागा, म्हणजे बोटाला वेगळा लागेल. डोळे मिटून हात फिरवला तर घळ आणि सोंड मला ओळखता आली, पण मला नकाशा आधीच माहीत होता. तुम्ही बघून सांगाल का? पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा, पोस्टाने पाठवते.


स्पर्शवाचक

व्यनि केलाय. दोन प्रती पाठवा ताई. एकात मुद्दाम चूक करून ठेवा. मी शोधून सांगतो.


तासिकेवरचा

पुन्हा आलो. अध्यापक सरांचं दहा वह्यांचं करून बघितलं. चार नाही, तीनच मुख्य चुका निघाल्या आणि त्यातली पहिली बेंडिंग मोमेंटच्या चिन्हाचीच. फळ्यावर मांडल्या. मुलांनी आपापल्या वहीत खुणा केल्या. वर्गात ४५ मिनिटं गेली, घरी माझा एक तास.

एक अडचण. बरीच मुलं एआयकडून लिहून आणतात. त्यांच्या वहीत चूकच नसते, मग शोधणार काय?


तापीकाठ

सर, त्यांना वहीतलीच एक पायरी तोंडी विचारा. दोन मिनिटं. "हे चिन्ह इथे वजा का?" लिहून आणलं म्हणून गुण कापू नका, पण सांगता आलं नाही तर "अडलंय" मध्ये तेच लिहा आणि आठवड्याने पुन्हा बोलवा. माझ्याकडे दुसऱ्या खेपेला बरेच जण सांगू शकले. म्हणजे त्या आठवड्यात ती बसून शिकली.


निवृत्त मास्तर

हे वाचून मन भरून आले. माझ्याकडे वेळ भरपूर आहे आणि चष्म्याचा नंबर अजून बरा आहे. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी ह्यातल्या कोणाला नावे झाकून दुसऱ्या नजरेने तपासून हवे असेल तर माझ्याकडे पाठवा. ह्या वेळी शेरा लिहीन.


टीवायची मुलगी

सर, माझी किराणा दुकानाची असाइनमेंट पाठवू? विषय तुमचा नाही. पण वाचाल का?


निवृत्त मास्तर

पाठव बाळा. उधारीच्या वह्या हा इतिहासाचाच विषय आहे. ती उलटी दोन पाने आधी सरळ कर.


तासिकेवरचा

ताई, चिठ्ठीचा मजकूर इथे टाकाल का? जसाच्या तसा.


भूगोलवाली

टाकते. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची आहे, एका ए-फोर कागदात आठ बसतात.

पहिली ओळ : काय जमलंय.
दुसरी ओळ : कुठे अडलंय.
तिसरी ओळ : पुढच्या वेळी आधी काय करून बघेन. ही विद्यार्थ्याने भरायची, मी नाही.
खाली तारीख आणि दोघांची सही.

दुसरी ओळ मी आधी "चूक कुठे आहे" अशी छापली होती. मुलांनी बदलायला लावली. म्हणाली, चूक म्हटलं की लपवावंसं वाटतं, अडलंय म्हटलं की विचारता येतं.


तासिकेवरचा

घेतली. २१० जणांचं जमणार नाही, पण बी बॅचमध्ये २२ आहेत, त्यांचं शुक्रवारी प्रॅक्टिकल. तीन कागद छापून ठेवलेत.